वहिवाटीची वाट : इंदूर आणि उदयनगरचे चार दिवस

यंदा उपवासकाळातल्या (लेंटमधल्या) बुधवारच्या सभांचे धडे वाटले गेले तेव्हा बायबलातल्या इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय माझ्या वाट्याला आला. मी पाळक नाही. भूमिअभिलेख खात्यात पस्तीस वर्षं भूकरमापक होतो. साखळी ओढली, फलकयंत्र लावलं, पुढे नवीन यंत्रं आली तीही शिकलो. मंडळीत वडील (एल्डर) म्हणून निवडून आलो, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा असं उभं राहावं लागतं. अध्यायाचा शेवट सगळ्यांना पाठ असतो: दूध पिणारी तान्ही आणि जड अन्न खाणारी प्रौढ माणसं. मी अडलो ते एका शब्दावर. ‘ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना वहिवाटीने चांगले आणि वाईट समजण्याचा सराव झाला आहे अशा प्रौढांसाठी जड अन्न आहे.’

वहिवाटीने! भाषांतर करणाऱ्यांत एखादा कुळकर्ण्याच्या घरातला असणार. आमच्या खात्यात हा शब्द रोजचा. रस्ता कागदावर असो-नसो, माणसं वर्षानुवर्षं एकाच बांधावरून गेली की तिथे गवत उगवत नाही. पुढे कुणी काटेरी कुंपण घातलं तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दावा लागतो. तिथे तुम्हाला किती कळतं हे कुणी विचारत नाही. चालत कोण होतं आणि कधीपासून, एवढंच विचारतात. आमच्या पाळकांनी सांगितलं की मूळ ग्रीक शब्द ‘हेक्सिस’, म्हणजे वारंवार करून अंगात मुरलेली सवय. आणि ‘सराव’ ज्या शब्दाचा अनुवाद आहे तो आखाड्यातल्या मेहनतीचा शब्द.

धड्याला तीन आठवडे होते. इंदूरहून साडूभाऊंचा फोन आला, ‘दादा, किती वर्षं झाली तुम्हाला येऊन? गराडूचा सीझन संपून राहिलाय.’ सौभाग्यवतीने तिच्या बहिणीशी परस्पर तारीखही ठरवून टाकली होती. मी शास्त्र, म्हणजे बायबल, आणि वही पिशवीत टाकली.

पहिला दिवस : पोहे, आणि आमच्या गावची सून

नगर ते इंदूर रात्रीची ट्रॅव्हल्स. मनमाड, मालेगाव, धुळे झोपेत गेलं. सेंधव्याजवळ बिजासनच्या घाटात गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा जाग आली आणि खलघाटला नर्मदेचा पूल आला तेव्हा फटफटत होतं. जाणाऱ्यांनी एक शाल हाताशी ठेवावी. फेब्रुवारीत माळव्याची पहाट आपल्यापेक्षा बरीच गार असते आणि दुपारी स्वेटर खांद्यावरचं ओझं होतं.

साडूभाऊंचं घर राजेंद्रनगरात. या भागात सकाळी फिरायला निघालं तर निम्म्या फाटकांवर मराठी आडनावं. त्यांचे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नगरहून इकडे आले आणि इथलेच झाले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इंदुरात 1877 पासूनचं. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. त्यामुळे दोन्ही घरांत मिशनच्या आठवणी निघाल्या की ‘आमचं आधी’ हा वाद ठरलेला. त्यांची मराठी मात्र आता वेगळीच गोड झाली आहे. त्यांना पदार्थ आवडत नाही, ‘छान लागतो’. माहीत नसलं की ‘पता नाही’. मेहुणी आधी नगरी बोलायची. तीही आता ‘भावोजी, आणखी घेऊन टाका ना’ म्हणते.

घेऊन टाकले ते पोहे. इंदुरी पोहे आपल्यासारखे परतत नाहीत, वाफेवर ठेवतात. बडीशेप असते, वरून शेव, कांदा आणि जिरावन नावाचा मसाला, आणि बाजूला गरम जिलबी. जिलबी आणि पोहे एका घासात खायचे. मला पहिल्या दिवशी ते जमलं नाही, तिसऱ्या दिवशी त्याशिवाय जमेना.

दुपारी राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या दंगलीत आग लागली, नंतर डागडुजी झाली. समोरच्या बागेत अहिल्यादेवींचा पुतळा. चौंडीची ही लेक होळकरांची सून झाली, आणि 2024 मध्ये आमच्या जिल्ह्यानेच तिचं नाव घेतलं. आधार कार्डावर मी अजून अहमदनगरचा, बसच्या पाटीवर अहिल्यानगरचा, तोंडात मात्र नुसतं नगर. सौभाग्यवतीने पुतळ्यासमोर फोटो काढला आणि लिहून पाठवलं, ‘माहेरची माणसं भेटली’.

दुसरा दिवस : उधारी

सकाळी इंदूर ख्रिश्चन कॉलेजवरून गेलो. साडूभाऊ इथलेच विद्यार्थी, म्हणून त्यांनी फाटकाशी गाडी थांबवलीच. किशोरकुमार या कॉलेजात शिकला. इथले लोक त्याच्या कँटीनच्या उधारीची गोष्ट हमखास सांगतात: पाच रुपये बारा आणे, जे राहूनच गेले. साडूभाऊ हसत म्हणाले, ‘दादा, माणूस एवढा मोठा झाला, पण इंदूरवाल्यांनी उधारी नाही सोडली.’

मी हसलो, पण ते वाक्य पायात खडा जावा तसं राहिलं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण काय म्हणतो? ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ हिशेबाच्याच भाषेत म्हणतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या चुलतभावाशी मी अकरा वर्षं बोललेलो नाही. कारण बांध. आमच्या समाईक विहिरीच्या अंगाला त्याने बांध सरकवला, अंदाजे दीड गुंठा. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी कायम केल्या त्याच्याच जमिनीत ही मेहनत! रीतसर मोजणी मागवली. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, आली, माझ्या बाजूने आली. त्याने खुणा मान्य केल्या नाहीत. तेव्हापासून आम्ही एकाच मंदिरात (आम्ही चर्चला मंदिरच म्हणतो) बसतो, तो डावीकडे तिसऱ्या बाकावर, मी उजवीकडे पाचव्या. प्रभुभोजनात एकाच ताटातली भाकर घेतो.

माझ्या शास्त्रात ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात एक वचन लाल पेनाने अधोरेखित केलेलं आहे: शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवणाऱ्याला शाप. समासात तारीखही घातली आहे, मोजणीची. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी शास्त्र वाचतो. इब्री पत्राच्या धड्यासाठी शास्त्र उघडलं तेव्हा पानं त्या लाल रेघेवरच उघडली. दर वेळी तिथेच उघडायची, इतकी घडी पडली होती. म्हणजे वहिवाट माझीही होती. कुठे जाणारी, ते निराळं.

संध्याकाळी मेहुणीकडे कौटुंबिक उपासना झाली. रेव्हरंड टिळकांचं एक भजन पेटीवर म्हटलं. नातवाला अर्धे शब्द कळत नव्हते, पण चाल चोख. मग नऊनंतर सराफा. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांवर कढया. माहितीसाठी सांगतो: आठच्या आधी जाऊन उपयोग नाही, गाडी लांब लावावी, आणि एका प्लेटमध्ये चौघांनी खावं, नाहीतर तिसऱ्या गाडीवर पोट भरतं. भुट्टे का कीस (मक्याचा कीस दुधात शिजवलेला), दहीवडा आणि गराडू. गराडू हा कोनफळाच्या जातीचा कंद. कुरकुरीत तळतात, वर जिरावन आणि लिंबू. शेवटी शिकंजी मागवली. लिंबूपाणी येईल या समजुतीत होतो, आलं आटीव दुधाचं सुकामेवा घातलेलं काहीतरी. ना पिता येईना, ना चावता. साडूभाऊंना म्हटलं, ‘इब्री पाचवरचा धडा इथेच घ्यायला पाहिजे. हे दूध की जड अन्न?’ ते म्हणाले, ‘दादा, पता नाही, पण छान लागतं.’

तिसरा दिवस : उदयनगर

या दिवसासाठीच खरं तर मी येतो म्हणालो होतो. घरी तसं सांगितलं नव्हतं.

उदयनगर देवास जिल्ह्यात आहे. इंदूरहून बस जातात, पण परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारून घ्यावं. आम्ही साडूभाऊंची गाडी नेली. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा. एके ठिकाणी पोरं रस्त्याकडेला काटक्यांवर हुळा भाजत होती. वीस रुपयांत त्यांनी वर्तमानपत्रभर दिला, हात काळे झाले, गाडीची सीटही. पुढे चढ लागला, शेतं संपून साग आणि पळस सुरू झाले. पळसाला एकही पान नव्हतं, नुसता केशरी.

याच रस्त्यांपैकी एकावर 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांचा खून झाला. त्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संस्थेच्या. 1992 पासून उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करत होत्या: बचतीची सवय, बँकेचं कर्ज, सावकाराच्या कागदावर अंगठा का लावायचा नाही ते समजावणं. ज्यांचा धंदा बसला त्यांना ते सहन झालं नाही. समंदर सिंह या तरुणाने भर बसमध्ये, प्रवाशांदेखत, त्यांच्यावर पन्नासहून जास्त वार केले. वय एक्केचाळीस.

त्याला जन्मठेप झाली. त्यानंतरची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला, खरं सांगतो, राग आला होता. राणी मारिया यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, हीसुद्धा त्याच संस्थेची. 2002 च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंहला राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, 2006 मध्ये तो सुटला, आणि पुढे केरळात त्यांच्या घरी जाऊन आला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात राणी मारिया यांना धन्य (कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. राग आला कारण दीड गुंठ्याच्या माणसाला ही गोष्ट अंगावर आल्यासारखी वाटते. मनात म्हटलं होतं, हे संतांचं काम, आपलं नाही.

आम्ही मराठी मिशनचे लोक. मेणबत्त्या, अवशेष, समाधीला हात लावणं हे आमच्या अंगवळणी नाही. उदयनगरच्या चर्चमध्ये, जिथे राणी मारिया यांची समाधी आहे, शिरताना मी हात मागे बांधून उभा होतो, जसा मोजणीच्या वेळी दुसऱ्याच्या वाड्यात उभा राहायचो. पंचवीस तारखेला मोठी गर्दी असते, म्हणून आम्ही मुद्दाम आधीच्या आठवड्यात गेलो होतो. आत आम्ही चौघं आणि एक आदिवासी म्हातारी. तिने चांदीचे जाड कडे घातले होते. ती गुडघे टेकून बसली नव्हती, नुसती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, लेकीच्या घरी दुपारी बसावं तशी.

एक वयस्क सिस्टर आल्या, पाणी दिलं. केरळी वळणाच्या हिंदीत बोलत होत्या. मी विचारलं, जे मला तीन आठवडे विचारायचं होतं: ‘सिस्टर, सात वर्षं लागली ना राखीला?’

त्यांना माझा प्रश्न लगेच कळला. म्हणाल्या, लोकांना वाटतं एका दिवशी राखी बांधली. पण त्या घरात रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची आणि रोज प्रभूची प्रार्थना म्हटली जायची. रोज ते एक वाक्य यायचं. रोज म्हणावं लागायचं. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘बोलते बोलते रास्ता बन जाता है, भैया.’

मी वही काढली नाही. वहीतलंच त्या बोलत होत्या.

बाहेर ओट्यावर बसून मी मत्तयाचा पाचवा अध्याय उघडला. तुझं दान घेऊन तू वेदीजवळ आलास आणि तिथे तुला आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. हे वचन मी शंभरदा ऐकलंय, दोनदा त्यावर बोललोही आहे. पण मोजणीदाराने ओळ नीट वाचली पाहिजे. तिथे ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे’ असं लिहिलेलं नाही. लिहिलंय की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. म्हणजे ‘क’ प्रत कुणाच्या बाजूची हा प्रश्नच तिथे नाही. बांध त्याने सरकवला होता, हे आजही खरं आहे. मोजणी चुकलेली नाही.

मग त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे? हे मला माहीत होतं, अगदी पहिल्या दिवसापासून. पाच वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले, माझे चुलते. मला पहिलीत हाताला धरून शाळेत नेणारे, पुढे नोकरीच्या अर्जावर शाई सांडली तेव्हा रात्री दुसरा अर्ज लिहून देणारे. त्यांच्या मातीला मी गेलो नाही. घरात बसून राहिलो, पंखा लावून. मंदिराची घंटा ऐकू येत होती.

सौभाग्यवती शेजारी येऊन बसली. तिने काही विचारलं नाही. हुळ्याचा उरलेला कागद पुढे केला. ती म्हातारी बाहेर आली, जाताना तिने दाराच्या चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि उतरणीच्या पायवाटेने निघाली. डांबरी रस्ता दहा पावलांवर होता, पण ती त्या वाटेनेच गेली. सवयीने मी अंदाज घेतला: वाट दीड फूट रुंद, गवत नाही.

येणाऱ्यांसाठी: गावात चहा-भजी मिळतात, जेवणाचं इंदूरहून बांधून न्यावं. घाटात फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नये. चर्चमध्ये आवाज न करता कुणीही बसू शकतं. आम्हाला कुणी कुठल्या मंडळीचे ते विचारलं नाही.

चौथा दिवस : दाल-बाफले

रविवारी साडूभाऊंसोबत पांढऱ्या चर्चमध्ये, म्हणजे सेंट अ‍ॅन्समध्ये गेलो. 1858 सालचं, इंदुरातलं सगळ्यात जुनं. बाहेर उन्हात चुना डोळ्यांना टोचतो, आत थंड. उपासना हिंदीत. प्रभूची प्रार्थना आली तेव्हा मी सवयीने मराठीत पुटपुटत होतो आणि मध्येच थबकलो. आजूबाजूला सगळे म्हणत होते, ‘जिस प्रकार हमने अपने अपराधियों को क्षमा किया है, वैसे ही तू भी हमारे अपराधों को क्षमा कर।’ हिंदीत अपराध, मराठीत ऋण. अपराध म्हटलं की मी सुटतो. माझ्यावर गुन्हा नाही, उलट मी फिर्यादी. ऋण म्हटलं की खातं उघडतं. मी चुलत्यांचं देणं लागतो. मूठभर माती लागतो, आणि ती द्यायची वेळ तर गेली.

मूळ ग्रीकमध्ये मत्तयाचा शब्द देण्याघेण्याचाच आहे, असं पाळकांनी परत आल्यावर सांगितलं. मराठीवाल्यांनी इथेही सवलत दिली नाही.

दुपारी मेहुणीने दाल-बाफले केले. बाफला म्हणजे बाटीचा मोठा भाऊ: कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडायचा, मग निखाऱ्यावर भाजायचा, मग तुपात बुडवायचा, मग पानात चुरून वर डाळ आणि आणखी तूप. दोन झाल्यावर मी हात आडवा केला. मेहुणी म्हणाली, ‘भावोजी, तुम्हीच म्हणता ना प्रौढांसाठी जड अन्न आहे म्हणून?’ तिसरा खाल्ला. नंतर पाच वाजेपर्यंत काही आठवत नाही. रात्रीची बस असेल तर दुपारी बाफले खाऊ नयेत, ही या लेखातली सगळ्यात उपयोगी सूचना समजावी.

निघताना शेव घेतली. लवंगेची, लसणाची, आणि रतलामी. सौभाग्यवतीने दोन पाकिटं सांगितली होती, एक घरी, एक शेजारी. मी तीन घेतली. तिने पिशवीत पाहिलं, मोजली, आणि काही बोलली नाही.

परत आल्यावर

बुधवारचा धडा झाला. वहिवाटीवर वीस मिनिटं बोललो, मामलेदार कायदाही सांगितला, लोक हसले. चुलतभाऊ बुधवारी येत नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट आमच्या बाकावर आलं तेव्हा मी ते न घेता पुढे दिलं. शेजारच्या काकूंना वाटलं मी विसरलो, म्हणून त्यांनी ते पुन्हा माझ्यापुढे धरलं, मी पुन्हा पुढे दिलं. एवढ्याशा मंदिरात हे दिसल्यावाचून राहत नाही. डावीकडच्या तिसऱ्या बाकावरून मान वळली. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमची नजरानजर झाली, आणि दोघांनीही ती लगेच गीतपुस्तकात घातली.

लसणाच्या शेवेचं पाकीट स्कूटरच्या डिकीत आहे. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला पिठाच्या गिरणीपर्यंत, तिथून त्याचं फाटक दिसतं. पाकिटावर चार महिन्यांची मुदत छापली आहे.